विलीनीकरणाच्या लाटा: कायदा, पैशाचा भाव आणि कुरुंदवाड



७ जानेवारी २००६ रोजी कुरुंदवाडच्या गणेश बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले. १९२० साली निघालेली ही बँक त्याच वर्षी सप्टेंबरात केरळमधल्या फेडरल बँकेत विलीन झाली. त्याच सप्टेंबरात साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये गेली. डिसेंबरात आपल्या सांगली बँकेच्या संचालक मंडळाने आयसीआयसीआय बँकेत विलीन होण्याचा निर्णय घेतला आणि एप्रिल २००७ मध्ये तो अमलात आला. सांगली बँक १९१६ ची, युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. दुसऱ्या महायुद्धात, फाळणीत, दुष्काळात, १९७२ मध्येसुद्धा टिकून राहिलेल्या या संस्था सव्वा वर्षाच्या आत एकामागून एक नाहीशा झाल्या.

त्या वेळी प्रत्येक बँकेचं स्पष्टीकरण वेगळं दिलं गेलं. इथे बुडीत कर्जं जास्त होती, तिथे भांडवल अपुरं होतं, तिसरीकडे भागधारकांत एकमत नव्हतं. यातलं काही खोटं नाही. पण बुडीत कर्जं आधीही होती आणि भांडवल आधीही तोकडंच होतं. मग तिन्ही बँकांची वेळ एकदम कशी भरली? मला आज याच प्रश्नावर बोलायचं आहे, आणि त्यासाठी आधी कुरुंदवाडपासून बरंच लांब जावं लागणार आहे.

कंपन्यांची विलीनीकरणं वर्षानुवर्षं सारख्या संख्येने होत नाहीत. ती झुंडीने येतात. पाचसहा वर्षं धडाका चालतो आणि मग सगळं थंडावतं. अर्थशास्त्रज्ञ याला लाटा म्हणतात. लाट म्हटलं की ती आपोआप उठते, असं वाटू लागतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. दोन कंपन्यांनी एक व्हायचं की नाही, हे त्या कंपन्यांचे मालक ठरवतात, हे खरं. पण ते कधी व्हायचं, कोणाशी व्हायचं आणि त्याला कोणतं रूप द्यायचं, हे बहुतेक वेळा त्या काळचा कायदा आणि त्या काळचा पैशाचा भाव ठरवतो. कायदा एक दार बंद करतो, तेव्हा उद्योग शेजारच्या उघड्या दारातून जातात. लाटेचा आकार त्या दारासारखा होतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८९५ ते १९०४ या काळात तिथे अठराशेहून अधिक कंपन्या मोठमोठ्या एकत्रीकरणांत गडप झाल्या. मागे १८९३ ची भीषण मंदी होती. रेल्वेमुळे देशभराची बाजारपेठ एक झाली होती आणि कारखान्यांनी महागडी यंत्रं उभी केली होती. यंत्रावर एवढा पैसा घातला की कारखाना बंद ठेवणं परवडत नाही. तोट्यातसुद्धा माल काढावा लागतो. मंदीत सगळ्यांनीच तसं केलं आणि किमती कोसळल्या. यावर उपाय म्हणून कारखानदार एकत्र बसून भाव ठरवू लागले. पण १८९० च्या शर्मन कायद्याने असे करार बेकायदा ठरवले होते.

आता ओतीव लोखंडाचे पाइप बनवणाऱ्या सहा कंपन्यांची गोष्ट पाहा. अमेरिकेतली शहरं तेव्हा पाण्याच्या नळयोजना उभारत होती. कोणत्या गावचं टेंडर कोणी घ्यायचं, हे या सहा जणांचं आतून ठरलेलं असे. एकाने घ्यायचं, बाकीच्यांनी मुद्दाम जास्त दर भरून स्पर्धेचा देखावा करायचा. (आपल्याकडच्या कंत्राटी कामांची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.) १८९८ मध्ये अपील न्यायालयाने हा संगनमताचा प्रकार बेकायदा ठरवला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यत्वे उचलून धरला. पण अपिलाचा निकाल लागला त्याच वर्षी या सहांपैकी चार कंपन्यांनी आपलं विलीनीकरण करून टाकलं. वेगळे राहून एक भाव ठरवला तर गुन्हा होता. एक होऊन तोच भाव ठरवला तर गुन्हा नव्हता. कारण १८९५ मध्येच, साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कारखानदारी म्हणजे राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, म्हणून केंद्राचा हा कायदा तिथे लागू नाही. ज्या खरेदीवर हा खटला होता, त्या एका खरेदीने देशातल्या जवळपास सगळ्या साखरशुद्धीवर एकाच कंपनीचा ताबा आला होता, तरीही. त्यात न्यू जर्सी राज्याने १८८९ मध्ये एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगायची मोकळीक देऊन ठेवली होती.

मक्तेदारी रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने कंपन्यांना मक्तेदारीकडे ढकललं. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी युनायटेड स्टेट्स स्टील उभी केली, तिचं भांडवल १४० कोटी डॉलर दाखवलं गेलं. जगातली ती पहिली अब्ज डॉलरची कंपनी. १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने रेल्वे कंपन्यांचा नॉर्दर्न सिक्युरिटीज हा गट न्यायालयातून मोडून काढला. त्याआधीच शेअर बाजारही घसरला होता. लाट ओसरली.

पुढे १९५० मध्ये अमेरिकेने एकाच धंद्यातल्या कंपन्यांच्या विलीनीकरणावर कडक बंधनं घातली. परिणाम काय झाला? १९६० च्या दशकात कंपन्यांनी आपल्या धंद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली. आयटीटी ही टेलिफोनच्या क्षेत्रातली कंपनी. तिने भाड्याने मोटारी देणारी एव्हिस घेतली, शेरेटन हॉटेलं घेतली, पाव बनवणारी कॉन्टिनेंटल बेकिंग घेतली. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी त्याला दूरदृष्टी ठरवलं. मला त्यात मुख्यतः १९५० चा कायदा दिसतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९६४ मध्ये महालनोबिस समितीने आणि त्यापाठोपाठ दासगुप्ता आयोगाने संपत्ती थोड्या घराण्यांच्या हाती एकवटत असल्याचं दाखवून दिलं. १९६९ हे काँग्रेसच्या फुटीचं, बँक राष्ट्रीयीकरणाचं वर्ष. त्याच वर्षी मक्तेदारी प्रतिबंधक कायदा झाला, ज्याला धंद्यातली माणसं एमआरटीपी म्हणून ओळखतात. ज्या समूहाची मालमत्ता २० कोटींच्या वर, त्याला विस्तार करायचा तर केंद्राची परवानगी आणि विलीनीकरण करायचं तरी केंद्राची परवानगी. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटींवर नेली. त्या दोन दशकांत विलीनीकरणं अजिबात झाली नाहीत असं नाही, पण ती सरकारला हव्या त्या वाटेने झाली. १९७७ मध्ये प्राप्तिकर कायद्यात ७२-अ हे कलम आलं: आजारी कंपनी पदरात घ्या, तिचा जुना तोटा तुमच्या नफ्यातून वजा करू देतो. साहजिकच आजारी कंपन्यांना मागणी आली. सरकारला कामगारांचे रोजगार वाचवल्याचं समाधान मिळालं आणि उद्योगपतींना करसवलत मिळाली.

ताब्याच्या लढाईतही दिल्लीच मध्यस्थ होती. १९८२ च्या अर्थसंकल्पाने अनिवासी भारतीयांना इथले शेअर घ्यायची मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएमचे शेअर गोळा करायला सुरुवात केली. एस्कॉर्ट्स चालवणाऱ्या नंदा कुटुंबाकडे स्वतःचे शेअर थोडेच होते; निम्म्याहून अधिक आयुर्विमा महामंडळ आणि इतर सरकारी वित्तसंस्थांकडे. म्हणजे कंपनी कोणाकडे राहणार हे शेअर बाजारात ठरणार नव्हतं, ते वित्तसंस्था कोणत्या बाजूला झुकतात यावर अवलंबून होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी पॉल यांना माघार घ्यावी लागली. आपल्याकडच्या बड्या घराण्यांना आपली पकड किती कमी शेअरवर टिकली आहे, याची जाणीव त्या दोन वर्षांत झाली. ती घराणी त्यानंतर आपला हिस्सा वाढवायला लागली.

२४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण संसदेत आलं. सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि एमआरटीपी कायद्यातली विलीनीकरणाच्या पूर्वपरवानगीची कलमं निघून गेली. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण पुढे जे घडलं त्याचा हिशेब आपल्या देशात नीट मांडलाच गेलेला नाही. पूर्वपरवानगीचं जुनं दार १९९१ मध्ये काढून टाकलं. त्या जागी नवा स्पर्धा कायदा २००२ मध्ये मंजूर झाला, पण विलीनीकरणं तपासण्याची त्यातली कलमं लागू झाली ती १ जून २०११ ला. जवळजवळ वीस वर्षं या देशात दोन बलाढ्य कंपन्या एक झाल्या तर बाजारातल्या स्पर्धेवर काय परिणाम होईल, हे आधी तपासणारी यंत्रणाच नव्हती. सेबी गुंतवणूकदारांचं बघत होती, उच्च न्यायालयं भागधारकांचं आणि धनकोंचं बघत होती. ग्राहक आणि कामगार यांच्या बाजूने आधी प्रश्न विचारण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

या वीस वर्षांची सुरुवात कशी झाली हे टॉमकोच्या प्रकरणात जवळून दिसतं. टाटा ऑइल मिल्स कंपनी, म्हणजेच टॉमको, १९१७ ची. केरळच्या खोबऱ्यावर उभी राहिलेली. ५०१ बार आणि हमाम हे साबण आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत असतील. नव्वदीच्या सुरुवातीला ती सलग तोट्यात होती. १९९३ मध्ये तिचं हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीनीकरण जाहीर झालं. टॉमकोच्या १५ शेअरमागे लिव्हरचे २. साबणाच्या बाजारातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू त्याच बाजारातल्या आपल्या जुन्या स्पर्धकाला सामावून घेत होता. १९९० मध्ये याला दिल्लीची परवानगी लागली असती आणि ती सहजासहजी मिळाली नसती.

दोन्हीकडच्या कामगार संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या हरकती वाचल्या की त्या माणसांची स्थिती लक्षात येते. लिव्हरच्या कामगारांना भीती होती की टॉमकोची माणसं आली की आपण जादा ठरू. टॉमकोच्या कामगारांचं म्हणणं, एकाच कंपनीत शेजारी शेजारी काम करणाऱ्यांना वेगळा पगार आणि वेगळ्या सवलती का? दोन्ही भीती एकाच व्यवहारातून आलेल्या, आणि एकमेकींच्या विरुद्ध. शेअरची अदलाबदल चुकीच्या हिशेबाने ठरली, मक्तेदारी निर्माण होते, परदेशी मूळ कंपनीचा ५१ टक्के हिस्सा टिकवण्यासाठी तिला बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने नवे शेअर दिले जात आहेत, असेही आक्षेप होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे फेटाळले. बहुसंख्य भागधारकांनी योजना मंजूर केली आहे, जाणकार मूल्यांककाने प्रमाण काढलं आहे, टॉमकोच्या कामगारांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा वाईट होणार नाहीत, आणि विलीनीकरणाला केंद्राची पूर्वपरवानगी आता कायद्यानेच लागत नाही.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. चौकटच १९९१ मध्ये बदलली होती. सप्टेंबर १९९१ च्या वटहुकुमाच्या वेळी सोन्याचं गहाणखत, परकीय चलनाची टंचाई आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज अशी धावपळ चालली होती. त्या गर्दीत शिवडीच्या साबण कारखान्यातल्या माणसांच्या नशिबाचा निर्णय होऊन गेला, आणि त्यांना तो तीन वर्षांनी कळला. जे कायद्यात घडतं त्याच्याशी न्यायालयात उशिरा झगडावं लागतं, ही या विषयातली सगळ्यात मोठी अडचण आहे. मला ती अन्यायाची वाटते.

दारांबद्दल बोललो. पैशाच्या भावाबद्दल एकच उदाहरण देतो, कारण ते सर्वांच्या माहितीचं आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटा स्टीलने कोरस या ब्रिटिश-डच कंपनीच्या शेअरला ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन शर्यतीत उतरली. ३१ जानेवारी २००७ च्या पहाटे लिलाव संपला तेव्हा भाव ६०८ पेन्सवर गेला होता आणि एकूण व्यवहार सहा अब्ज पौंडांच्या वर. कोरसचं उत्पादन टाटा स्टीलच्या जवळपास चौपट होतं. एवढी मोठी कंपनी घेण्याचं धाडस आलं कुठून? जगभर व्याजदर कमी होते आणि बँका कर्ज द्यायला मागे लागल्या होत्या. रिझर्व्ह बँकेनेही भारतीय कंपन्यांना परदेशात गुंतवणुकीची मर्यादा पायरीपायरीने सैल करायला सुरुवात केली होती; २००५ मध्ये नक्त मूल्याच्या दुप्पट, २००७ संपेपर्यंत चौपट. देशातल्या देशात कंपनीचे शेअर घेण्यासाठी बँकांनी कर्ज द्यायचं नाही, हा जुना दंडक मात्र तसाच होता. परदेशी ताब्यासाठी त्यात सूट होती. त्यामुळे देशाच्या अभिमानाची म्हणून गाजलेली ती लाट बाहेरच्या दिशेनेच वाहिली. दीड वर्षात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक कोसळली आणि पोलादाची मागणी आटली. ३० सप्टेंबर २०२४ ला कोरसकडून आलेल्या, वेल्समधल्या पोर्ट टॅल्बट कारखान्याची शेवटची झोतभट्टी विझवली गेली. तिथल्या कामगारांच्या दुःखाचे अनेक अपराधी आहेत, पण त्यातला एक २००६-०७ चा स्वस्त पैसाही आहे.

आता आपल्या भागाकडे परत येऊ. बँकेवर निर्बंध घालून तिचं सक्तीने विलीनीकरण करण्याचा अधिकार बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमात आहे. हा अधिकारही एका संकटातून आला. १९६० साली आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पालाई सेंट्रल बँक बुडाली, संसदेत गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी हे कलम धारदार करण्यात आलं. १९५१ मध्ये देशात साडेपाचशेहून अधिक बँका होत्या. १९६७ पर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच एक फार मोठी विलीनीकरणाची लाट येऊन गेली होती, आणि ती बाजाराने नव्हे, रिझर्व्ह बँकेने घडवलेली होती. ठेवीदारांचे पैसे वाचवण्यासाठी ते आवश्यक होतं, असं माझं मत आहे.

पण २००६ ची गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांच्या मालकीबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात किमान नक्त मूल्य ३०० कोटी रुपये ठरवलं. बासल दोनचे आंतरराष्ट्रीय भांडवली नियमही दारात उभे होते. मुंबईतल्या नव्या खासगी बँकेला ३०० कोटी म्हणजे शेअर बाजारातली एक फेरी. कुरुंदवाडच्या बँकेला ती अशक्य गोष्ट होती. ऊस, हळद, द्राक्षं, पॉवरलूम आणि छोट्या दुकानदारांच्या जोरावर चालणाऱ्या बँकेला भांडवल द्यायला परदेशी फंड येत नाहीत. त्याच वेळी मोठ्या बँकांना शाखा हव्या होत्या. शाखा उघडायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागायचा आणि निमशहरी, ग्रामीण शाखा काढण्याची अटही त्यासोबत येई. आयडीबीआय मूळची विकास वित्तसंस्था. तिच्याकडे मोठी कर्जं होती, पण ठेवी गोळा करणाऱ्या शाखांचं जाळं नव्हतं. युनायटेड वेस्टर्नच्या सव्वादोनशेहून अधिक शाखा तिला एकदम मिळाल्या. साताऱ्याच्या भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख दिले गेले.

एका हाताने भांडवलाची उंच पट्टी आणि दुसऱ्या हाताने शाखांच्या परवान्यांची टंचाई. या दोन नियमांच्या मध्ये आपल्या बँका सापडल्या. तिघींच्या मृत्यूची वेळ एकदम का भरली, याचं माझं उत्तर हे आहे. बुडीत कर्जांनी त्यांना अशक्त केलं होतं, पण तारीख २००५ च्या परिपत्रकाने ठरवली.

मग कोल्हापूरची रत्नाकर बँक कशी वाचली? तीही १९४३ ची, याच मातीतली. तिला वेळ मिळाला, २०१० नंतर नवं व्यवस्थापन आलं, बाहेरचं भांडवल आलं, नाव आरबीएल झालं. म्हणजे वाचणं अशक्य नव्हतं. विलीनीकरण हा एकमेव उपाय आहे, असं आपल्याला तेव्हा सांगितलं गेलं, ते पूर्ण सत्य नव्हतं.

विलीनीकरणानंतर काय झालं याची माहिती सांगलीत बसलेल्यांना मी देण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र नोंदवतो. छोट्या बँकेचा शाखाधिकारी शेतकऱ्याला नावाने ओळखतो, त्याच्या बांधावर किती पाणी येतं हे त्याला माहीत असतं, आणि त्या माहितीवर तो कर्ज देतो. ही माहिती कोणत्याही ताळेबंदात लिहिलेली नसते. शेअरची अदलाबदल ठरवताना तिची किंमत धरली जात नाही. बदली झालेला अधिकारी ती सोबत घेऊन जातो आणि नव्या बँकेच्या संगणकात ती भरायला रकाना नसतो.

त्यानंतरच्या लाटाही याच पद्धतीने समजतात. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता झाली. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा बड्या थकबाकीदारांची यादी बँकांना दिली. त्यातल्या पोलाद कंपन्या विकल्या गेल्या: भूषण स्टील टाटांकडे ३५,२०० कोटींना, एस्सार स्टील आर्सेलरमित्तल-निप्पॉनकडे ४२,००० कोटींना. पोलादालाच एवढी बोली का लागली? कारण २०१६ मध्ये सरकारने पोलादाच्या आयातीवर किमान किंमत लावली होती आणि त्या संरक्षणाखाली पोलादाचे भाव सावरले होते. संहितेने माल बाजारात आणला, आयात धोरणाने त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

सरकारी बँकांचं तर उघडच आहे. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेने आपल्या पाच सहयोगी बँका आणि महिला बँक सामावून घेतल्या. १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या. एकूण सरकारी बँका सत्तावीसच्या बारा झाल्या. या बँकांचा मालक एकच, सरकार. १ एप्रिल २०२० म्हणजे टाळेबंदीचा दुसरा आठवडा. बँकेतली माणसं रांगा आवरत होती आणि त्याच आठवड्यात त्यांच्या बँकेचं नाव बदलत होतं. मोबाइल कंपन्यांत जिओच्या किंमतयुद्धानंतर डझनभर खासगी कंपन्यांच्या तीन उरल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या थकबाकीच्या निकालाने उरलेल्यांवर मोठी देणी आली. २०१८ मध्ये एक झालेल्या व्होडाफोन आयडियाची सरकारी देणी भागवण्यासाठी तिचे शेअर सरकारला दिले गेले आणि २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा जवळपास निम्म्यावर पोहोचला. खासगी कंपन्यांच्या खासगी विलीनीकरणातून सगळ्यात मोठा भागधारक म्हणून सरकार बाहेर आलं. राजकारणाचा आणि विलीनीकरणाचा संबंध दाखवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

पुढच्या लाटेचं दार आता उघडलं जातंय, म्हणून हे आजच बोलायला हवं. १ ऑक्टोबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की भारतीय कंपन्यांना दुसऱ्या कंपन्या ताब्यात घेण्यासाठी बँका कर्ज देऊ शकतील, अशी चौकट केली जाईल. ज्या जुन्या दंडकाबद्दल मी मघाशी बोललो, तो काढायचं त्या घोषणेने ठरलं. त्याच महिन्यात दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने आरबीएल बँकेचा, म्हणजे आपल्या जुन्या रत्नाकर बँकेचा, ६० टक्के हिस्सा घेण्यासाठी सुमारे २६,८५० कोटी रुपये गुंतवण्याचं ठरवलं. नवा पैसा आणि नवे नियम एकाच वेळी आले आहेत.

मी संसदेकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे दोन गोष्टी मागतो. कंपनी कायद्याच्या २३० व्या कलमानुसार विलीनीकरणाची सूचना प्राप्तिकर खात्याला, सेबीला, रिझर्व्ह बँकेला, स्पर्धा आयोगाला जाते. कामगार संघटनेला जात नाही. हरकत घ्यायची तर दहा टक्के शेअर किंवा पाच टक्के थकित कर्ज तुमच्याकडे असावं लागतं. एकाही कामगाराकडे ते नसतं. या यादीत मान्यताप्राप्त कामगार संघटनेचं नाव घालायला कोणतीही समिती नेमायची गरज नाही. एका ओळीची दुरुस्ती पुरते. आणि बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने प्रत्येक विलीनीकरणाआधी तालुकावार आकडे छापावेत: किती शाखा एकमेकींत मिसळणार, लहान शेतीकर्जं किती; आणि त्यातली किती टिकली, हे दोन वर्षांनी पुन्हा छापावं. कुरुंदवाड, सातारा आणि सांगलीचे २००५ पासूनचे हे आकडे रिझर्व्ह बँकेकडे असणारच. ते आधी प्रसिद्ध करावेत, म्हणजे कोल्हापूरकरांना आरबीएलबद्दल प्रश्न विचारताना ते हाताशी राहतील.